राउटरचा यूपीएस: बॅटरीचे टक्के नव्हे, व्होल्टेज बघा

यूपीएस, म्हणजे लाइट गेली की बॅटरीवर चालवणारा डबा, किती मोठा घ्यावा यावर दुकानदार तासभर बोलतो. राउटर आणि फायबरचा डबा मिळून १५-२० वॅटच्या आसपास खातात. नुसतं तेवढंच चालवायचं असेल तर १२ व्होल्टचा मिनी डीसी यूपीएस घ्या, पिन आणि अँपिअर जुळवा, काम झालं. कॅमेऱ्यांचा एनव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा), नेटवर्क स्विच, छोटा संगणकही असेल तर ६०० व्हीए क्षमतेचा घ्या, पण यूएसबी पोर्ट असलेलाच. बिनपोर्टचा यूपीएस आत काय चाललंय ते सांगत नाही. लेझर प्रिंटर त्याच्यावर लावू नका. पहिल्यांदा रात्रभर चार्ज होऊ द्या.

निगराणीसाठी नेटवर्क यूपीएस टूल्स हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावरही चालतं. स्टेटस तीनच लक्षात ठेवा: ओएल म्हणजे लाइनवर, ओबी म्हणजे बॅटरीवर, एलबी म्हणजे बॅटरी संपत आली.

आता खरी डोकेदुखी. या टप्प्याने मला सगळ्यात जास्त छळलंय. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात थ्री फेज आली की ऑटो स्टार्टरच्या पाण्याच्या मोटारी एकदम उचलतात आणि व्होल्टेज पडतं. घरातला पंखा मंदावतो, बल्ब पिवळा पडतो. लाइट आहे, पण यूपीएसच्या लेखी गेलेली. आतला रिले (आपोआप बदलणारा स्विच) टकटक वाजतो, दर वेळी भार बॅटरीवर जातो, आणि ती उतरत राहते. पुन्हा भरायला तिला कित्येक तास लागतात. मग संध्याकाळी खरोखर लाइट गेली की दहा मिनिटांत राउटर बंद. कुणालाही विचारा, उत्तर एकच: बॅटरी बदला. या सल्ल्याचा मला मनस्वी राग आहे. नवी बॅटरीही त्याच मार्गाने जाते.

आधी इनपुट व्होल्टेजची नोंद ठेवा. नेटवर्क यूपीएस टूल्समधला यूपीएसलॉग ही नोंद लिहितो; त्याचा मूळ वेग ३० सेकंदांचा आहे, त्यात छोटे झटके निसटतात. तो ५ सेकंदांवर आणा आणि मोटारी चालू असताना दोन-तीन दिवस लिहू द्या. ओबी कुठल्या व्होल्टेजला होतंय ते तिथे दिसेल. मग राउटरच्या ॲडॉप्टरवरची बारीक अक्षरं वाचा: बहुतेकांवर १००-२४० व्होल्ट असतं. म्हणजे १७० व्होल्टला राउटर मजेत चालतो, घाबरतो तो यूपीएस. खालची ट्रान्सफर मर्यादा, म्हणजे ज्या व्होल्टेजच्या खाली यूपीएस बॅटरीवर जातो ती, बदलता येत असेल तर खाली आणा. काही मॉडेलांतच ती सोय असते. वरच्या मर्यादेला हात लावू नका. सोय नसेल तर स्टॅबिलायझर यूपीएसच्या आधी लावा, नंतर कधीच नाही. नवीन घेणार असाल तर बॉक्सवर इनपुट रेंज वाचूनच घ्या. १४० व्होल्टपासून चालणारा मिळाला तर उत्तम.

स्क्रीनवरच्या टक्क्यांवर विसंबू नका. स्वस्त यूपीएसमध्ये तो आकडा व्होल्टेजवरून काढलेला अंदाज असतो: ८० टक्के दिसताहेत म्हणता म्हणता बंद. खरी वेळ मोजायची तर बोर्डावरचं बटण बंद करा. प्लग उपटू नका, अर्थिंग तुटतं. नेहमीचा भार तसाच ठेवून एलबी येईपर्यंत घड्याळ लावा, आणि तारीख-मिनिटं यूपीएसवरच्या चिकटपट्टीवर लिहा. तीन महिन्यांनी पुन्हा. वेळ बरीच घटली की मग खुशाल बॅटरी बदला.

जागेचं एवढंच: पत्र्याखाली, माळ्यावर ठेवू नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात जातो. बॅटरीचं आयुष्य कंपनी २५ अंशांना धरून सांगते, आणि दर १० अंशांना ते साधारण निम्मं होतं. खालच्या फळीत, हवा लागेल तिथे ठेवा.

आणि पैसे टाकायच्या आधी केबलवाल्याला विचारा, गावातल्या त्याच्या स्विचला बॅकअप आहे का. नसेल तर तुमचा राउटर चालू राहील, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगही होईल. नेट मात्र येणार नाही.