मुक्या मारानंतर सायकलवरची वीस मिनिटं

जिन्यावरून पाय घसरला आणि डोक्याची मागची बाजू पायरीच्या कडेवर आपटली. रक्त आलं नाही, सीटी स्कॅनमध्ये काही निघालं नाही. ‘मुका मार आहे, आराम करा’ एवढं सांगून मला घरी पाठवलं. आराम म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. पडदे ओढून तीन आठवडे पडून राहिले. डोकेदुखी हटली नाहीच, वर झोप उडाली आणि एक मजला चढला तरी डोक्यात ठणके बसायला लागले.

हे असं का होतं ते मला फार उशिरा कळलं. कन्कशनमध्ये, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदू हादरतो तेव्हा, बिघाड बहुधा मेंदूच्या रचनेत दिसत नाही, तो कामकाजात असतो. हृदयाचे ठोके आणि मेंदूचा रक्तपुरवठा सांभाळणारी स्वायत्त मज्जासंस्था काही काळ नीट जुळवून घेत नाही. म्हणून ठोके वाढले की डोकं दुखतं, गरगरतं. नुसतं पडून राहून ही यंत्रणा ताळ्यावर येत नाही, तिला झेपेल तेवढं काम द्यावं लागतं. खेळातल्या कन्कशनवर २०२२ साली अ‍ॅमस्टरडॅमला झालेल्या परिषदेतल्या तज्ज्ञांनीही पहिले २४ ते ४८ तासच जरा दमानं घ्यायला सांगितलं आहे, आणि त्या काळातही हलकं चालायला हरकत नाही असं म्हटलं आहे.

व्यायाम सुरू करण्याआधी एक गोष्ट. डोकेदुखी वाढतच चालली असेल, वारंवार उलट्या होत असतील, आकडी (फिट) आली असेल, बोलणं अडखळत असेल, हातापायातली शक्ती गेली असेल किंवा माणूस झोपेतून नीट जागा होत नसेल, तर व्यायामाचा विचार सोडा आणि तडक रुग्णालय गाठा.

पुढचं सगळं हृदयाच्या ठोक्यांच्या एका आकड्यावर चालतं, आणि तो अंदाजानं ठरवू नका. माझी ‘बफेलो’ ट्रेडमिल चाचणी फिजिओथेरपिस्टनं घेतली. वेग भरभर चालण्याचा, ताशी सव्वापाच किलोमीटरच्या आसपास. पहिलं मिनिट सपाट, मग दर मिनिटाला चढ एक टक्क्यानं वाढतो. दर मिनिटाला विचारतात, त्रास शून्य ते दहामध्ये किती? सुरुवातीच्या आकड्यावर तीन चढले की थांबायचं. मी दोनवर सुरू केलं, नवव्या मिनिटाला पाच झाले. तेव्हा ठोके होते मिनिटाला १३६. ही माझी मर्यादा. तिचे ८० टक्के म्हणजे १०९, आणि रोज गाठायचे ते एवढेच.

चाचणी शेवटपर्यंत त्रास न होता पार पडली आणि तरीही डोकं दुखत असेल, तर दुखण्याचं मूळ मान, डोळे किंवा कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागात असू शकतं. त्याचे उपचार वेगळे. अर्धशिशीसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर तेही आधीच सांगा. त्या गोळीनं ठोके दबतात आणि आकडा फसवतो.

मी व्यायामाची सायकल घेतली, कारण तिच्यावर डोकं हलत नाही. चक्कर असणाऱ्याला ट्रेडमिलपेक्षा तीच बरी. छातीला ठोके मोजणारा पट्टा, समोर वही. बसण्याआधी त्रासाचा आकडा लिहायचा. पाच मिनिटं सावकाश पायडल, मग १०९च्या आसपास, एकूण वीस मिनिटं, रोज. मधेच त्रासाचा आकडा बसण्याआधीच्या आकड्यापेक्षा दोनाहून जास्त अंकांनी चढला तर त्या दिवसापुरतं उतरायचं. दोन अंकांच्या आत चढून तासाभरात खाली आला तर घाबरायचं कारण नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पहिल्या दिवशी किंचित ठणका लागताच मी रडले नसते.

खरा धोका चांगल्या दिवशी असतो. पाचव्या दिवशी डोकं मोकळं वाटलं म्हणून मी १३०पर्यंत नेलं, आणि पुढचे दोन दिवस उजेड सहन झाला नाही. तेव्हापासून उत्साह कितीही असो, पट्ट्यावरचा आकडाच मी ऐकते. झोप नीट झाली नसेल त्या दिवशी पायडल हलकं, पण बसायचं मात्र चुकवायचं नाही. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी, वहीतले आकडे शांत असतील तरच, पाच ते दहा ठोके वाढवायचे.

जॉन लेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली १०३ किशोरवयीन खेळाडूंवर केलेला अभ्यास मी पुन्हा पुन्हा वाचला. असा व्यायाम करणारे साधारण १३ दिवसांत बरे झाले, नुसते स्ट्रेचिंग करणारे १७ दिवसांत. ती मुलं मार लागून दहा दिवस व्हायच्या आत व्यायामाला लागली होती. माझं वय एक्केचाळीस आणि तीन आठवडे वाया गेलेले. मला आठ आठवडे लागले.

आठव्या आठवड्यात १५० ठोक्यांवर वीस मिनिटं झाली, त्रासाचा आकडा आधी एक आणि नंतरही एकच. मग पुन्हा चाचणी घेतली. रस्त्यावरची सायकल आणि चेंडूचे खेळ मात्र डॉक्टरांनी लेखी परवानगी देईपर्यंत बंदच ठेवले, कारण या काळात डोक्याला दुसरा मार बसणं फार महागात पडतं.