सोसायटीत मॅच लावायचीय? मग हे वाचा

वर्षानुवर्षं शेजारी राहून लिफ्टमधे नुसती मान हलवणारी माणसं एकत्र आणायला क्रिकेटसारखं दुसरं काही नाही. २९ जून २०२४ ची टी-२० वर्ल्डकप फायनल आम्ही पार्किंगमधे लावलेली, शेवटच्या ओव्हरला आपल्या सूर्याने (सूर्यकुमार यादव) बाउंड्रीवर दक्षिण आफ्रिकेच्या मिलरचा कॅच घेतला अन दुसऱ्या मजल्यावरचे तमिळ काका नि चौथ्यावरची बिहारी पोरं चक्क मिठ्या मारत होती, त्याआधी एकमेकांची नावंही माहीत नव्हती!

तर, प्रोजेक्टर भाड्याने आणा, पांढरी चादर सुरकुती न ठेवता ताणून बांधा. दुपारची मॅच असेल तर नको, उजेडात काही दिसत नाही, सरळ कुणाचा तरी टीव्ही खाली आणा. सगळ्यात महत्त्वाचं, सेट-टॉप बॉक्सच जोडा, मोबाइल अ‍ॅपचं स्ट्रीमिंग बऱ्याचदा मागे चालतं, मग वरच्या मजल्यावरून आधीच "गेलाऽऽ" ऐकू येतं अन सगळी मजा जाते. खाणं मागवू नका, घरटी एक डबा सांगा, आमच्याकडे सुंदल, ढोकळा, लिट्टी, भडंग सगळं आलं.

कॉमेंट्री कुठल्या भाषेत यावरून भांडण होणारच. आवाज बंद करा, तमिळ काकांच्या हातात माइक द्या.