ब्रिटनमध्ये आलात? मग 'सी' आणि 'एस' सांभाळा

बँक खातं, घरभाडं, सिमकार्ड यांबद्दल तुम्हाला कुणीही सांगेल. मी एक किरकोळ वाटणारी गोष्ट सांगतो: 'लायसन्स' आणि 'प्रॅक्टिस' या शब्दांत शेवटच्या 'ई'आधी सी लिहायचा की एस? उच्चार एकच, पण इथे स्पेलिंगं दोन, आणि दोन्ही बरोबर.

नाम असेल तर सी, क्रियापद असेल तर एस. 'सराव' सीने, 'सराव करणे' एसने. (लायसन्समधला मधला सी मात्र कायम, त्याला हात लावू नका.) अडलात की 'अ‍ॅडव्हाइस' आठवा. सल्ला म्हणायचं असेल तर शेवटी 'स' ऐकू येतो, सल्ला देणे म्हटलं की 'झ'. म्हणजे इथे कानच निवाडा करतो.

माझ्या पहिल्या नोकरीत एका अहवालात मी 'बेस्ट प्रॅक्टिस' तीनदा एसने लिहिलं. मॅनेजरबाईंनी चकार शब्द न काढता पेन्सिलीने तीन गोल करून कागद परत दिला. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रस्त्यावर मात्र फुकट शिकवणी मिळते. कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानावर 'ऑफ-लायसन्स' लिहिलेलं असतं, सीने. मला आधी वाटलं, याचं लायसन्स रद्द झालं की काय! अर्थ इतकाच, की बाटली घ्यायची आणि दुकानाबाहेर नेऊन प्यायची. जुन्या पबच्या दारावरच्या पाटीवर कधीकधी 'लायसन्स्ड' दिसतं. ते क्रियापदावरून आलेलं, म्हणून एसने. डॉक्टरांच्या दवाखान्याच्या पाटीवरची 'प्रॅक्टिस' सीचीच. तिथे नाव आजच नोंदवा, पत्त्याचा पुरावा द्यावाच लागतो असं नाही.

गाडी चालवणाऱ्यांनी स्पेलिंगपेक्षा तारीख सांभाळावी. भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालतं. ते बदलून मिळत नाही, प्रोव्हिजनल (म्हणजे शिकाऊ लायसन्स) काढून लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी परीक्षेत ५० पैकी ४३ उत्तरं बरोबर हवीत, शिवाय रस्त्यावरचे धोके ओळखण्याचा भाग वेगळा. आपल्या १९८८च्या मोटार वाहन कायद्यातही लायसन्स सीनेच आहे, त्यामुळे ती सवय इथे कामी येते.

अमेरिकेतल्या चुलतभावाला यातलं काही विचारू नका. तिकडे लायसन्स नेहमी एसने आणि प्रॅक्टिस नेहमी सीने, नाम असो वा क्रियापद. तुमच्या लॅपटॉपची भाषाही अमेरिकन इंग्रजीवर असेल, तर बरोबर लिहिलेल्या शब्दाखाली तो लाल रेघ ओढत बसेल. सेटिंगमध्ये जाऊन आधी ती ब्रिटिश करा.