दवाखाना बंद असताना दाढ ठणकली तर

दातांची दुखणी नेमकी रात्री किंवा सुट्टीच्या दिवशीच उपटतात. अशा वेळी चारचौघांचे सल्ले ऐकत बसण्याआधी एवढं ठरवा: हे सकाळपर्यंत थांबेल की नाही?

सूज डोळ्याकडे सरकतेय किंवा जबड्याखाली, गळ्याकडे उतरतेय, ताप आहे, तोंड पुरतं उघडत नाही, थुंकी गिळता येत नाही, श्वासाला त्रास होतोय, यातलं एकही असलं तर डेंटिस्ट शोधत बसू नका. थेट मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग) गाठा. जबड्याला जबर मार लागला असेल तरीही तेच. जिभेखाली पसरलेला पू श्वासाची वाट अडवू शकतो.

पक्का दात मुळासकट पडला असेल तर घड्याळाकडे बघा. पहिला अर्धा तास सोन्याचा. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला बोट लावू नका, घासू नका. माती लागली असेल तर गार पाण्याखाली क्षणभर धरा आणि जागेवर बसवून रुमाल चावून ठेवा. जमत नसेल तर दुधात टाका, साध्या पाण्यात नको. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही.

दाढ काढल्यावर रक्त थांबत नसेल तर ओला गॉझ जागेवर ठेवून वीस-तीस मिनिटं घट्ट चावा. मध्ये काढून बघायचं नाही, चुळा भरायच्या नाहीत. तरी थांबलं नाही तर कॅज्युअल्टी.

आता खरी अडचण: फोन. मला हेच बरेच दिवस जमत नव्हतं. "डॉक्टर, फार दुखतंय हो" म्हटलं की पलीकडून "गोळी घ्या, उद्या या" हेच येणार, कारण त्यातून त्यांना काहीच कळत नाही. मेसेज टाकून वाट बघू नका, फोनच करा, आणि आधी कागदावर लिहून घ्या: वय, कुठली बाजू, वरची की खालची दाढ, कधीपासून, गारगरम लागल्यावर कळ किती वेळ टिकते, झोपेतून जाग येते का, सूज आणि ताप. तोंड किती उघडतं तेही सांगा. एरवी तीन बोटं उभी मावतात. एकच मावत असेल तर ऐकणारा डॉक्टर सावध होतो. मग कुठली गोळी किती वाजता घेतली, मधुमेह, रक्त पातळ करणारं औषध, ॲलर्जी, गरोदरपण. शेवटी सरळ विचारा: "आज बघाल का? नाहीतर कोणाकडे पाठवाल?" दुसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत, आणि कित्येकदा खरा नंबर त्यातूनच मिळतो.

हॉस्पिटलला निघण्याआधीही फोन करून विचारा, डेंटल सर्जन ऑन कॉल आहे का. (वर सांगितलेली धोक्याची लक्षणं असतील तर अर्थातच विचारत थांबू नका.) नसला तर कॅज्युअल्टीत रक्त थांबवतील, दुखणं कमी करतील, पण रूट कॅनाल होणार नाही. हे माहीत नसलं की माणसं तिथे उगाच भांडतात.

तोवर नेहमी चालणारी वेदनाशामक गोळी पाकिटावरच्या प्रमाणातच घ्या. किडनीचा किंवा अल्सरचा त्रास, रक्त पातळ करणारं औषध किंवा गरोदरपण असेल तर आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय नको. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवायचा उपाय कोणी सांगितला तर हात जोडा. तिथली कातडी भाजते. शेक नको, बाहेरून गार पट्टी. उशी उंच घ्या, आडवं पडलं की ठणका वाढतो. घरात उरलेली अँटिबायोटिक्सही नकोत. दातातली नस सुजली असेल तर त्यांनी दुखणं जात नाही.

आणि पहाटे दुखणं एकदम थांबलं तरी अपॉइंटमेंट रद्द करू नका. बऱ्याचदा नस मेलेली असते. काही दिवसांनी त्याच दाढेच्या मुळाशी पू धरतो आणि सुजलेला गाल घेऊन तुम्ही पुन्हा फोनपाशी.