कन्व्हर्टिबल स्पोर्ट्स कार वर्षानुवर्षं ठेवायची आहे? या चुका टाळा

जोरात चालवल्यामुळे वाया गेलेल्या स्पोर्ट्स कार कमीच बघायला मिळतात. उभ्या राहून, पाणी मुरून आणि ‘अजून किलोमीटर कुठे झालेत?’ म्हणत सर्व्हिसिंग पुढे ढकलल्यामुळे खराब झालेल्या मात्र कितीतरी. अशी गाडी दहा-पंधरा वर्षं ठेवायची असेल तर मीटरपेक्षा कॅलेंडरकडे जास्त लक्ष द्या. आणि जुनी घेणार असाल तर एक गोष्ट आधीच मनाशी धरा: गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही.

निचऱ्याच्या नळ्या विसरणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कन्व्हर्टिबलचा कापडी टप, म्हणजे उघडता येणारं छत, पाणी पूर्णपणे अडवत नाही. टपाच्या कडेने उतरणारं पाणी पन्हाळीत गोळा होतं आणि नळ्यांमधून गाडीखाली जातं. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत या पन्हाळीत पानं, धूळ साचून काळा चिखल होतो, नळी तुंबते आणि पाणी आत वळतं. पोर्शे बॉक्सस्टरच्या पहिल्या पिढीत, म्हणजे 986 मध्ये, इमोबिलायझरचं (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचं) कंट्रोल युनिट सीटखाली असतं. तिथे पाणी पोचलं की सेंट्रल लॉकिंग विचित्र वागतं, कधी गाडी सुरूच होत नाही, आणि मालक बॅटरी बदलत बसतो.

तपासायला पाच मिनिटं पुरतात. टप अर्धवट उघडा, तो दुमडून बसतो त्या जागेच्या दोन्ही कोपऱ्यांतला कचरा हाताने काढा आणि कपभर पाणी हळूहळू ओता. गाडीखाली लगेच धार लागली तर नळी मोकळी आहे. पाणी तसंच थांबलं तर नायलॉनची लवचिक दोरी आत सरकवा. कडक तार नको, ती नळी फाडते. कॉम्प्रेसरची जोरदार हवाही नको, कारण नळी आतल्या जोडातून निसटली तर पाणी थेट बॉडीत जातं. मग कार्पेटवर तळहात जोर देऊन दाबा. वरून कोरडं दिसणारं कार्पेट खालच्या फोममध्ये भरपूर पाणी धरून ठेवतं. काचेवर आतून सारखं बाष्प धरत असेल तर तीही हीच खूण.

‘जपून’ उभी ठेवणं

दर आठवड्याला गॅरेजमध्येच पाच मिनिटं इंजिन सुरू करून बंद करायची सवय अनेकांना असते. त्याने फायद्यापेक्षा तोटा जास्त. ज्वलनातून तयार झालेली वाफ तेलात आणि सायलेन्सरमध्ये पाणी होऊन राहते, कारण काहीच पुरेसं तापत नाही. एक तर अर्धा-पाऊण तास रस्त्यावर नीट चालवा, नाही तर सुरूच करू नका. बराच काळ उभी राहणार असेल तर तेल बदलून, टाकी भरून, टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवून, बॅटरीला मेंटेनर (चार्ज टिकवून ठेवणारा छोटा चार्जर) लावून ठेवा. पूर्ण चार्ज बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. 12.4 च्या खाली ती आठवडे पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती पुन्हा पूर्वीसारखी चार्ज घेत नाही.

ऑइल वर्षातून एकदा बदलायचंच, मग गाडी कितीही कमी चाललेली असो. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतली ओल शोषतं. डॉट 4 प्रतीचं नवं फ्लुइड किमान 230 अंश सेल्सिअसला उकळतं, ओल धरलेल्याची मर्यादा 155 अंशांपर्यंत खाली येते. घाटात उतरताना पेडल अचानक मऊ का लागतं, त्याचं एक कारण इथे आहे.

टायरचे खाचे खोल दिसतात म्हणून टायर चांगला, असं नाही. बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. सहा वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या, दहा वर्षांनंतर नक्षी शाबूत असली तरी बदला.

थंड इंजिन ताणणं

काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तापलं असं नसतं. तो काटा कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा असतो आणि तेल तापायला त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. होंडा एस2000 च्या सुरुवातीच्या गाड्यांचं दोन लिटरचं इंजिन 9,000 आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेरे) फिरतं. असं इंजिन थंड तेलावर ताणणं म्हणजे बेअरिंगशी वैर घेणं. जोरात चालवलं तर ते तेलही खातं, म्हणून डिपस्टिक (तेलाची पातळी मोजायची पट्टी) बघायची सवय हवी. आणि इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणाऱ्या रेव्ह लिमिटरवर भिस्त ठेवू नका. तो इंधन तोडतो, पण चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला तर चाकंच इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवतात.

टपाशी धसमुसळेपणा

ओला टप दुमडून ठेवला की बुरशी आणि डाग ठरलेलेच. कडाक्याच्या थंडीत प्लास्टिकची मागची काच दुमडली तर तडा जातो. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-5 मध्ये तर टप खाली घेण्याआधी झिप उघडून ती काच सपाट पाडायची असते. टप धुताना प्रेशर वॉशर दूर ठेवा, मऊ ब्रश आणि कापडी टपासाठीचा क्लीनर पुरे. रबरी पट्ट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या, साधं पेट्रोलियम ग्रीस रबर फुगवतं.

टप मध्येच अडकला तर हाताने ओढू नका, सांध्यांचे दांडे वाकतात. आधी इंजिन सुरू करा, कमी व्होल्टेजवर पंपाला जोर येत नाही. मग डिकीतला पडदा किंवा झाकण जागेवर बसलंय का बघा, कारण बऱ्याच गाड्यांत त्याचा स्विच दाबला गेल्याशिवाय टप हलतच नाही. मोटर चालल्याचा आवाज येतोय पण टप सरकत नाही? हायड्रॉलिक तेलाची पातळी आणि सिलिंडरभोवतीचा ओलसरपणा तपासा. आवाजच नसेल तर फ्यूज, रिले आणि मायक्रोस्विच. एवढं करूनही हलला नाही तर हँडबुकमध्ये दिल्याप्रमाणे पंपाचा दाब मोकळा करून, दोघांनी दोन बाजूंनी सारखाच उचलून टप बंद करा आणि तसाच वर्कशॉपला न्या.