या चुका टाळा: इमारतीचं मॉडेल सिम्युलेशनमध्ये नेताना

रेव्हिट या इमारती रेखाटायच्या प्रोग्राममधल्या मॉडेलमध्ये दाराच्या मुठी असतात, रेलिंगचे स्क्रू असतात. नसते ती चहूबाजूंनी बंद अशी खोली, आणि ऊर्जेच्या गणिताला नेमकी तीच लागते. तरीही पहिल्याच दिवशी अख्खी फाइल एक्स्पोर्ट करून 'एरर का येतोय' विचारणारे काही कमी होत नाहीत.

त्याहून जुनी खोड म्हणजे प्रकाश आणि ऊर्जा या दोन्हींसाठी एकच मॉडेल वापरणं. एनर्जीप्लस या ऊर्जेचं गणित करणाऱ्या प्रोग्राममध्ये भिंत म्हणजे जाडी नसलेला एक पृष्ठभाग. जाडी त्याला मटेरियलच्या थरांतून कळते. प्रकाशाचं गणित करणाऱ्या रेडियन्सला मात्र दिसतं ते फक्त आकारातलं. 300 मिमी भिंतीतल्या खिडकीच्या आतल्या कडा बराच प्रकाश अडवतात. ती जाडी काढली की खोली आहे त्यापेक्षा उजळ दिसते. मॉडेलं दोनच करा. दुप्पट काम म्हणून कुरकुरणारे पुढे तिप्पट करतात.

मधल्या भिंतीला बाहेरची हवा

ही चूक सगळ्यात महागात पडते, कारण प्रोग्राम एका शब्दाने तक्रार करत नाही. समजा, शाळेच्या मधल्या मजल्यावर एका रांगेत सहा वर्ग आहेत, प्रत्येक 8 मी. × 6 मी., उंची 3 मी., मागे 48 मी. लांब कॉरिडॉर. खोल्या भिंतींच्या आतल्या कडेने उचलल्या, तर दोन वर्गांमध्ये भिंतीच्या जाडीएवढी फट राहते. समोरासमोरच्या भिंती एकमेकींना ओळखत नाहीत, आणि दोघींनाही 'बाहेर' ही सीमा लागते, म्हणजे पलीकडे बाहेरची हवा आहे असं धरलं जातं. मधल्या वर्गाची बाहेरची भिंत खरी 24 चौ.मी. गणितात होते 84, म्हणजे साडेतीनपट. वरच्या-खालच्या स्लॅबचं तेच झालं, तर विचारायलाच नको. भार फुगतो, एसी मोठा निवडला जातो, भिंतींना जास्तीचं इन्सुलेशन सुचवलं जातं, आणि सगळ्यांचा संशय हवामानाच्या फाइलवर.

उन्हाचा नकाशा पाहूनही हे सापडत नाही. त्या दोन भिंती एकमेकींवर सावली धरतात, त्यामुळे ऊन दिसत नाही. बाहेरचं तापमान मात्र लागतच राहतं.

खोल्यांच्या फरशीचे बहुकोन मधल्या भिंतींच्या मध्यरेषेवर हाताने काढा आणि वर ओढा. बाहेरच्या भिंतीला मध्यरेषा घ्या किंवा बाहेरची कड, पण सगळीकडे एकच. मग आधी छेद (भिंती मिळतात तिथे त्यांचे तुकडे पाडणं), नंतर जोडणी (समोरासमोरच्या तुकड्यांची). हा क्रम उलटला की कॉरिडॉरची 48 मी. भिंत अखंड राहते आणि 8 मीटरच्या सहा भिंतींपैकी एकीशीही जुळत नाही. टॉलरन्स, म्हणजे किती अंतरापर्यंतचे बिंदू एकच धरायचे ते, 0.01 मी. ठेवा. फट बुजावी म्हणून तो 0.3 करण्याची युक्ती हमखास कुणीतरी सुचवतं. त्यात 30 सेंमीपेक्षा छोटी प्रत्येक कड गिळली जाते आणि अरुंद शाफ्टही नाहीसे होतात. शेवटी सीमेप्रमाणे रंग देऊन मॉडेल फिरवून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे.

फॉल्स सीलिंगचीही हीच गत. छत 2.7 मीटरवर, वरचा मजला 3.6 वर, तर मधले 0.9 मी. कुणाचेच नाहीत. एक तर त्याचा वेगळा झोन (गणितातला स्वतंत्र कप्पा) करा, नाहीतर खोली वरच्या स्लॅबपर्यंत न्या.

एका काचेच्या चार काचा

रेडियन्समध्ये 'ग्लास' मटेरियलचा एक पृष्ठभाग म्हणजे एक अख्खं तावदान; त्याच्या दोन्ही बाजूंची परावर्तनं त्यात आलेली असतात. आर्किटेक्टच्या मॉडेलमध्ये डबल ग्लेझिंग म्हणजे दोन पातळ खोकी, म्हणजे किरणाच्या वाटेत चार पृष्ठभाग. पूर्ण खिडकीचं पारेषण (पार जाणाऱ्या प्रकाशाचं प्रमाण) 0.65 आहे म्हणून तेच मटेरियल सगळ्यांना लावलं, की 0.65 चार वेळा गुणला जातो आणि उरतो 0.18. जिथे 400 लक्स यायला हवेत तिथे 110 च्या आसपास दिसतात. मग कुणी खिडक्या वाढवतं, कुणी भिंती पांढऱ्या करतं, कुणी परावर्तनांची संख्या वाढवून रात्रभर मशीन तापवतं. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

काचेच्या लेयरवर प्रत्येक खिडकीत एकच पृष्ठभाग ठेवा, बाकी पुसा. आणि त्या मटेरियलमध्ये कॅटलॉगमधला आकडा जसाच्या तसा घालू नका. तिथे हवी असते ट्रान्समिसिव्हिटी, म्हणजे परावर्तनं वगळून काचेतून एका फेरीत पार जाणारा भाग; 0.88 पारेषणाला ती 0.96 आणि 0.65 ला 0.71 येते.

बाकीच्या, थोडक्यात

एकक: मिलिमीटरमधलं मॉडेल मीटर समजून वाचलं, की 0.8 उंचीवरचा प्रकाश मोजणारा सेन्सर फरशीवर 0.8 मिलिमीटरवर जाऊन बसतो. उलट, फरशीचे थर नंतर घातले तर सेन्सर त्यांच्यात गाडलेले नाहीत ना ते पाहा. ओळीने शून्य आले की आधी हेच तपासा.

उत्तर दिशा: आकार 30 अंश फिरवायचा आणि वर एनर्जीप्लसच्या उत्तर अक्षातही 30 लिहायचे, की झाले 60. दोनपैकी एकच करा. निकालातल्या सारांशात दिशेप्रमाणे खिडकी-भिंत प्रमाणाचा तक्ता असतो, तो नकाशाशी ताडून पाहा. शिवाय जेनस्काय हा रेडियन्सचा आकाश तयार करणारा प्रोग्राम रेखांश पश्चिमेकडे धन मोजतो, हवामानाची ईपीडब्ल्यू फाइल पूर्वेकडे.

भटक्या वस्तू: 5 किमीवर विसरलेलं एक झाड पुरतं. रेडियन्सचा ऑक्ट्री (जागेचे कप्पे पाडणारी रचना) सगळं दृश्य एका घनात कोंबतो आणि त्याचा सर्वांत बारीक कप्पा मुळात बाजूच्या 16384व्या भागाएवढा, म्हणजे इथे सुमारे 30 सेंमी. खिडकीच्या चौकटीचे सगळे पृष्ठभाग एकाच कप्प्यात कोंबले गेले की 'सेट ओव्हरफ्लो' हा एरर. रिझोल्यूशन वाढवण्याआधी झाड काढा.

रंग: रेंडरिंगचे रंग सोबत आणू नका, त्यात पांढरा 100 टक्के परावर्तन करतो. सुरुवातीला फरशी 20, भिंत 50, छत 70 टक्के घ्या.

कर्टन वॉल (काचेच्या पॅनेलांची बाहेरची भिंत): 400 पॅनेल म्हणजे 400 खिडक्या. ऊर्जेच्या मॉडेलमध्ये एका भिंतीला एक खिडकी पुरते. ती भिंतीच्याच प्रतलात असावी आणि भिंतीचा थोडा भाग शिल्लक राहावा.

खोल्यांची आणि पृष्ठभागांची नावं: अक्षरं रोमन, मध्ये मोकळी जागा नाही, लांबी 100 अक्षरांच्या आत.