अठराव्या शतकातलं इंग्रजी सटायर वाचायचं कसं

टीवायला (बीएच्या शेवटच्या वर्षाला) किंवा एमएला इंग्लिश लिट घेतलेली तीन-चार मुलं दर रविवारी दादरला आमच्याकडे येतात, आणि अठरावं शतक आलं की सगळ्यांचं सेमच, आधी गाइड उघडायचं, सटायरची, म्हणजे उपहासात्मक लिखाणाची, डेफिनिशन पाठ करायची आणि मूळ टेक्स्ट परीक्षेच्या आदल्या रात्री बघायचं. हे उलटं करा, खरंच सांगतो.

सुरुवात जोनाथन स्विफ्टच्या 'अ मॉडेस्ट प्रपोजल' या गद्य पॅम्फ्लेटपासून करा. 1729 चं आहे, छोटंसं आहे, दादर ते ठाणे लोकलमध्ये वाचून होतं. वाचताना पहिला प्रश्न एकच, हे बोलतंय कोण? स्विफ्ट नाही बोलत. बोलणारा एक शांत, हिशेबी माणूस आहे, आयर्लंडच्या गरिबांची एक लाख वीस हजार मुलं मोजतो, वीस हजार पैदाशीसाठी बाजूला काढतो आणि बाकीची एक लाख वर्षाची झाली की श्रीमंतांच्या ताटात वाढा म्हणतो, भाव पण सांगतो, दहा शिलिंग. जिथे जिथे आकडा येतो तिथे पेन्सिलने खूण करा, कारण माणसांना माल समजून हिशेब करणारी जी नवी भाषा तेव्हा धोरणांवरच्या पॅम्फ्लेटांमध्ये रुळत होती, तीच तो वापरतोय. जमीनदारांनी आईबापांना आधीच खाल्लंय तेव्हा मुलांवर पहिला हक्क त्यांचाच, हे वाक्य आलं की थांबा, परत वाचा. मग शेवटाकडे या. तिथे हा माणूस काही उपाय 'मला सांगू नका' म्हणून उडवून लावतो, बाहेर राहणाऱ्या जमीनदारांवर टॅक्स लावा, आपल्याच देशातलं कापड वापरा वगैरे. स्विफ्टला खरं म्हणायचंय ते तिथे आहे, आणि बरीच मुलं नेमकं तेच स्किप करतात!

दुसरा प्रश्न, फटका कोणाला बसतोय. यासाठी जॉन गे या लेखकाचं 'द बेगर्स ऑपेरा' हे नाटक घ्या, 1728 चं. त्यातला पीचम चोरीचा माल घेतो आणि फायदा दिसला की आपल्याच चोरांना फासावर पाठवतो. हा तर जोनाथन वाइल्ड, लंडनमध्ये हेच करणारा खरा माणूस, 1725 मध्ये फाशी गेलेला, पण चोरांच्या यादीत एकाच्या टोपणनावांत 'बॉब बूटी' येतं आणि तेव्हा देश चालवणाऱ्या वॉलपोलचं नाव रॉबर्ट, म्हणजे बॉब. प्रेक्षकांना लगेच कळलं. आपल्याला हे नवीन नाही, खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त कीचक म्हणजे कर्झन हे कोणी समजावून सांगावं लागलं नव्हतं, आणि 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. तिकडेही तसंच, गेच्या पुढच्या नाटकाचा प्रयोग होऊ दिला नाही, 1737 च्या कायद्याने नाटकं सरकारी परवानगीखाली आली, आणि फील्डिंगसारखा नाटककार कादंबरीकडे वळला. हा धागा उत्तरात लिहा, फार कमी जण लिहितात. (पुलंचा 'तीन पैशाचा तमाशा' जर्मन नाटककार ब्रेख्तमार्गे याच नाटकापर्यंत पोचतो, तो पण वाचा.)

अलेक्झांडर पोप या कवीला मुलं घाबरतात, मीटरमुळे, म्हणजे छंदामुळे. त्याचं 'द रेप ऑफ द लॉक' (लॉक म्हणजे केसांची बट) अख्खं एकदम नका घेऊ, त्यातल्या नायिकेच्या, बेलिंडाच्या, ड्रेसिंग टेबलाच्या ओळी मोठ्याने वाचा, भारताची रत्नं, अरबी अत्तर, कासवाच्या पाठीची आणि हस्तिदंताची कंगवी, आणि पावडरच्या पसाऱ्यात बायबल. जगभरचा व्यापार लंडनच्या एका टेबलावर येऊन पडलाय, आता यात बायबलची जागा कुठे हे मुलांना विचारलं की गाइड न बघता दोन पानं लिहितात. तिसऱ्या कँटोत (सर्गात) ज्यूरीला जेवायची घाई म्हणून माणसं फासावर जातात ती ओळ पण सोडू नका.

इतिहास एवढं झाल्यावर वाचा, आणि एकच पान. 1695 मध्ये छापखान्यांवरचा लायसन्सिंगचा कायदा संपला, कॉफी हाउसांत पेपर मोठ्याने वाचले जायला लागले, 1720 मध्ये साउथ सी कंपनीचे शेअर कोसळून भलेभले बुडाले. प्रत्येक गोष्टीपुढे आत्ताच वाचलेली एखादी ओळ लिहा, सापडली नाही तर ती गोष्ट उत्तरात घालू नका.